शमुवेल मास्तरांची दोन उत्तरं

शमुवेल मास्तरांना ठेच लागली तर ते आधी देवाचे उपकार मानायचे आणि मग "आई गं" म्हणायचे. घाटंजीच्या आमच्या शाळेत ते विज्ञान शिकवत, मी गणित. घरंही भिंतीला भिंत लागून, त्यामुळे सुटका नव्हती. एस.टी. चुकली की म्हणायचे, "उपकार माना जी गुरुजी, पुढची रिकामी येईन." पुढची यायची ती टपावर माणसं घेऊन. मग दाराला लोंबकळत हे म्हणायचे, "पाय ठेवाले जागा भेटली, उपकार माना." अशा माणसावर रागावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

पण माझं डोकं फिरायचं ते वेगळ्याच कारणानं. नवं राज्य झालं, मुंबईहून नवं पुस्तक आलं आणि त्यात उत्क्रांतीचा धडा आला. मास्तर तो असा रंगवत की शेजारच्या वर्गातली माझी पोरं त्रैराशिक सोडून कान तिकडे लावत. कापसाचं बोंड घ्यायचे, त्यातल्या सरक्या तळहातावर मांडायचे. "पाहा रे, ह्या एकाच बोंडाच्या लेकी, पन दोन सारख्या नाहीत. असंच बदलत बदलत माकडाच्या गोतातून मानूस आला." आणि रविवारी हेच गृहस्थ चर्चच्या शब्बाथशाळेत पोरांना सांगायचे, देवानं मातीचा माणूस केला आणि त्यात श्वास फुंकला.

"मास्तर, यातलं खरं कोणतं?" मी एकदा विचारलंच.

"दोन्ही."

"एका गणिताला दोन उत्तरं?" वर्गसमीकरणाला असतात, पण ते मी त्यांना कशाला सांगू?

"कायले चिडता जी? मलेबी नाही समजून राह्यलं. नाही समजलं त्याचेबी मी उपकार मानतो."

घ्या. आता बोला.

हे असंच चाललं असतं, पण कापणीचा सण आला. त्या दिवशी चर्चमध्ये जो तो आपल्या पिकातलं पहिलं आणि चांगलं ते देवापुढे ठेवतो. ज्वारीची कणसं, कापूस, तुरीच्या शेंगा, एखादा कोंबडा. शमुवेल मास्तरांनी अर्धा पेरू ठेवला. तोही उष्टा. वानरांनी परसातलं झाड साफ केलं होतं आणि एवढंच उरलं होतं. चर्चचे धर्मगुरू, पाळकसाहेब, यांनी विचारलं, हे काय? तर मास्तर भर मंडळीत म्हणाले, "त्यायनं माह्यासाठी ठेवला जी. नात्यातलेच हायेत ना."

लोक आधी हसले, मग कुजबुजू लागले, मग चांगलेच तापले. पाळकसाहेब भला माणूस, पण त्यांचाही नाइलाज झाला. पुढच्या रविवारी मास्तरांनी सगळ्यांसमोर तो धडा खोटा आहे असं सांगायचं, नाहीतर शब्बाथशाळा सोडायची. मास्तरांच्या घरात मूलबाळ नव्हतं. रविवारची ती पोरं म्हणजेच त्यांचा संसार.

मी म्हटलं, "सांगून मोकळे व्हा हो. सोमवारी शाळेत पुन्हा शिकवा, कोण बघायला येतंय?" त्यांनी उपकारसुद्धा मानले नाहीत, तेव्हा मात्र मी घाबरलो.

त्या रविवारी मीही गेलो. कुठं बसायचं ते न कळून दारातच बसलो. मास्तर उठले आणि खाली बघतच बोलू लागले.

"मले एक पोरगी झालती. मारेगावले होतो तवा. वरचा ओठ फाटका होता तिचा, टाळूबी. दूध ओढता येत नव्हतं. चमच्यानं पाजलं, तरी गेली. समदे म्हनले, हे मायबापाचं पाप. माह्या बायकोनं ते खरं मानलं, आजबी मानते. मी लय समजावलं. मंग हा धडा आला. हरेक जीव थोडा वेगळा जन्मते, त्यात कोनाचा गुन्हा नसते, हे मले पहिल्यांदा छापलेलं दिसलं. त्याले खोटं कसं म्हनू? अन देव नाही म्हनू, तं ती पोरगी मले देल्ली कोनं? मले दोन्ही पाहिजे, पाळकसाहेब. दोन्ही एका जागी कसं बसते, ते मले नाही समजत."

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं मास्तरांची बायको, सुशीलाबाई, उठल्या आणि मधली वाट ओलांडून नवऱ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या.

"तिचं नाव सांगा ना त्यायले," त्या म्हणाल्या.

मास्तरांना ते जमेना. मग सुशीलाबाईंनीच सांगितलं, "रूथ."

पाळकसाहेबांनी सगळ्यांना उभं राहायला सांगितलं आणि प्रार्थनेत सर्वांत आधी तेच नाव घेतलं. धड्याचा विषय पुन्हा कोणी काढला नाही. पोरं नेहमीसारखी मास्तरांच्या मागे शब्बाथशाळेला गेली. मला त्या दिवशी कशाचाच नीट अर्थ लागला नाही. सुशीलाबाई एकट्याच घराकडे निघाल्या. इतक्या वर्षांच्या शेजारात त्यांना मान वर करून चालताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.