सहा वाजताची चिठ्ठी

डॉक्टर मानाजीराव कदम आज कॉफी कधी घेणार, हे त्यांना स्वतःलाही माहीत नसे. सकाळी तोंड धुतलं की ते स्वैपाकघराच्या फळीवरचा बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा खाली काढत, डोळे मिटून त्यातली एक चिठ्ठी उचलत आणि तिच्यावर जी वेळ असेल त्या वेळी कॉफी घेत. कधी सव्वासात, कधी साडेदहा, कधी दुपारचे तीन. एकदोन चिठ्ठ्यांवर नुसतं ‘नाही’ लिहिलेलं होतं. ती निघाली की त्या दिवशी कॉफी नाही आणि घरात शांतताही नाही. कारण त्यांची थोरली विधवा बहीण, जिला आम्ही सगळे अक्का म्हणायचो, ती फिल्टरमधलं डिकॉक्शन वाया गेल्याबद्दल संध्याकाळपर्यंत बोलत राही.

ही पन्नासच्या दशकाच्या शेवटाची गोष्ट. बंगळूरचं जयनगर तेव्हा नवं होतं; चार घरं, मग मोकळे प्लॉट, मग पुन्हा चार घरं. मी निपाणीहून टायपिस्टाची नोकरी धरून आलो आणि डॉक्टरांच्या शेजारी दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. नोकरी त्यांच्याच संशोधन संस्थेत. म्हणजे दिवसा त्यांचं टाईप करायचं आणि उरलेल्या वेळात त्यांचं ऐकायचं. त्यांचं घराणं तीनशे वर्षं इथलं, त्यामुळे मराठी घरात आणि बाकी सगळं कानडीत. माझं निपाणीचं बोलणं ऐकून अक्का पहिल्या दिवशी म्हणाली होती, हा मुलगा भांडतोय की बोलतोय?

डॉक्टरांचा विषय होता गांजा. तो मेंदूत जाऊन काय करतो आणि माणसाला त्याची चटक का लागते, यावर त्यांनी उमेदीची सगळी वर्षं घातली होती. गांजातलं नेमकं कुठलं द्रव्य ही करामत करतं, ते तेव्हा जगात कुणालाच धड ठाऊक नव्हतं. अबकारी खात्यानं जप्त केलेला माल लाखेची मोहर लावून त्यांच्याकडे येई. ते त्याचा अर्क काढत आणि पांढऱ्या उंदरांना पाजत. कॉलनीत मात्र त्यांना ‘गांजा डॉक्टर’ म्हणत, आणि त्यांचं ते सायकलवरून हळूहळू जाणं पाहून लोक एकमेकांकडे सूचक नजरेनं बघत. खरं तर त्यांनी जन्मात विडीसुद्धा ओढली नव्हती.

सवय या गोष्टीची त्यांना मनापासून धास्ती होती. ऑफिसला जायचा रस्ता ते रोज बदलत. जेवणात कुठली भाजी आवडू लागली की महिनाभर बंद. समोरच्याच्या हातात काहीही दिसलं, विडी असो, पान असो की वर्तमानपत्र, की त्यांचा ठरलेला प्रश्न येई, “सोडून बघितलंय काय?” मी तपकीरवाला. निपाणीचा माणूस, तंबाखूतच वाढलेला. मी दोनदा सोडून बघितली आणि दोन्ही वेळा शिंका बंद झाल्या म्हणून घाबरून पुन्हा सुरू केली. हे ऐकून ते हसले नाहीत. वहीत लिहून घेतलं.

एकदा एक बैरागी ‘गांजा डॉक्टर कुठं राहतो’ विचारत त्यांच्या दारात आला. मोठ्या आशेनं आला असणार. डॉक्टरांनी त्याला ओसरीवर बसवून दोन तास प्रश्न विचारले. पहिली चिलीम कुणी दिली, नाही मिळाली तर झोप कशी लागते, आई आहे का. शेवटी अर्थातच, सोडून बघितलंय काय. तो बैरागी उठून गेला तेव्हा त्याचा चेहरा इतका उतरला होता की अक्कानं मागे धावत जाऊन त्याला चार केळी दिली.

तर अशा माणसाच्या आयुष्यात एकच वेळ ठरलेली होती, संध्याकाळचे पाच. प्रयोगशाळेत दोन पिंजरे होते, एकेकात सहा उंदीर. एका पिंजऱ्याला तिळाच्या तेलात मिसळलेला गांजाचा अर्क, दुसऱ्याला नुसतं तेल. रोज बरोब्बर पाचला. हे काम ते दुसऱ्या कुणाला करू देत नसत. एकेक उंदीर तळहातावर घ्यायचा, ड्रॉपरनं थेंब तोंडात सोडायचे, मग घोट उतरावा म्हणून पाठीवरून बोट फिरवत त्याच्याशी मराठीत बोलायचं. “स्वल्प थांब. झालं, झालं. शहाणा माझा.” इतकं गोड ते माणसांशी कधी बोलत नसत. अण्णा, ही तुमची सवय झाली, असं मी एकदा डॉक्टरांना म्हणालो. ती उंदरांची वेळ आहे, माझी नव्हे, असं त्यांनी मला ठणकावलं.

आठ महिने असे गेले. मग एका सोमवारी औषध आणि तेल दोन्ही एकदम बंद करायचं ठरलं. गांजावाले सैरभैर झाले, खाणं टाकलं, आणि तेलवाले शांत राहिले, की सिद्ध होणार होतं की गांजाची सवय लागते. सरकारी समिती त्या अहवालाची वाट बघत होती, आणि पुढची सगळी वर्षं काम चालू राहणार की नाही ते त्यावर होतं. आपल्या मनातलं आपल्या डोळ्यांना दिसू नये म्हणून डॉक्टर स्वतः तिकडे फिरकणार नव्हते. बघायचं आणि लिहायचं काम माझ्याकडे दिलं.

पहिल्याच दिवशी पाच वाजता गांजावाले पिंजऱ्याच्या दाराशी गोळा झाले. जाळीवर चढले, एकमेकांना चावले, दाण्याला तोंड लावलं नाही. मला आनंद झाला. मग दुसऱ्या पिंजऱ्याकडे बघितलं. तेलवालेही सगळे दाराशीच. तेही चढत होते, चावत होते, दाणे तसेच पडलेले. मला वाटलं, मीच पिंजऱ्यांची अदलाबदल केली. शेपटीवरच्या शाईच्या खुणा तीनतीनदा तपासल्या. चौथ्या दिवशी दोन्हींकडची वजनं सारखीच उतरली, तेव्हा मी वही घेऊन त्यांच्या खोलीत गेलो.

त्यांनी वही वाचली आणि ते पाचच्या ठोक्याला प्रयोगशाळेत आले. तेलवाल्या पिंजऱ्यात रिकामा हात घातला. एक उंदीर पळत आला, त्यांच्या बाहीत शिरला आणि कोपरापाशी जाऊन गप्प बसला. त्यांनी एकेकाला हातावर घेतलं, पाठीवरून बोट फिरवलं. दोन्ही पिंजऱ्यांतल्या बाराही जणांना. थेंब कुणालाच दिला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्हींकडचे दाणे फस्त झाले होते.

“निपाणीकर,” ते म्हणाले, “यांना गांजाची नव्हे, माझी सवय लागली.”

संचालकांनी त्यांना बोलावून घेतलं. तेलवाल्यांचा उल्लेख गाळला तर अहवाल उत्तम आहे, असं ते म्हणाले. गांजावाल्या पिंजऱ्याबद्दल लिहिलेलं सगळं खरंच होतं ना? डॉक्टरांनी मान डोलावली, खोलीत आले आणि मला शेवटचं पान नव्यानं टाईप करायला सांगितलं. त्यावर एकच वाक्य होतं. या प्रयोगावरून गांजाबद्दल काहीही सांगता येत नाही. मी विनवण्या केल्या, एक आठवडा थांबा म्हटलं. सरी, टाईप करा, म्हणाले. बोलणं संपवायचं असलं की त्यांच्या तोंडी हे कानडी ‘सरी’, म्हणजे ‘बरं’, येई. ते वाक्य टाईप करताना मला त्यांचा राग आला आणि त्याहून जास्त अभिमान वाटला.

काम बंद झालं. डॉक्टरांना विद्यार्थ्यांना शिकवण्याच्या कामावर घातलं आणि उंदीर मारून टाकायचा हुकूम निघाला. त्या दुपारी ते दोन्ही पिंजरे टांग्यात घालून घरी घेऊन आले. अक्कानं अंगणातूनच आरडाओरडा सुरू केला. पण पाच वाजता भाऊ ओसरीवर मांडी घालून एकेकाला हातावर घेऊन बोलू लागला, तशी ती गप्प झाली आणि कुंपणापाशी माझ्याकडे आली.

तिनं सांगितलं ते मला ठाऊकच नव्हतं. डॉक्टरांची बायको गिरिजा रोज पहाटे सहाला त्यांना कॉफी द्यायची. आधी स्वतःच्या पेल्यात घोटभर चाखायची, मग यांना. अकरा वर्षं एक दिवस खंड नाही. ती विषमज्वरानं गेली. “त्यानंतर वर्षभर हा सहाला उठून स्वैपाकघराच्या दाराशी उभा राहायचा रे,” अक्का म्हणाली. “बोलायचा नाही, रडायचा नाही. नुसता उभा. मग एक दिवस तो डबा घेऊन बसला चिठ्ठ्या लिहायला. बघ जाऊन, सगळ्या वेळा आहेत त्यात. सहा नाही.”

दोन वर्षं मी त्या डब्याची चेष्टा करत होतो. मला माझीच लाज वाटली.

पंधराएक दिवसांनी डॉक्टर कुंपणापाशी आले आणि म्हणाले, उद्या सकाळी सहाला कॉफीला या. चिठ्ठी निघाली का, विचारणार होतो, नाही विचारलं. सकाळी गेलो तेव्हा बाहेर धुकं होतं. फळीवरच्या चिठ्ठ्यांच्या डब्यात आता अक्कानं पुटाणे भरून ठेवले होते. डॉक्टरांनी स्वतःच्या हातानं कॉफी केली आणि दोन पेले घेऊन ओसरीवर आले. आत घड्याळात सहाचे ठोके पडू लागले, तसं त्यांनी स्वैपाकघराच्या दाराकडे बघितलं. मीही बघितलं. तिथं कुणी नव्हतं.

“मी सगळ्यांना विचारत आलो,” ते म्हणाले. “मला कुणी विचारलं नाही.”

काय विचारायचं ते मला कळलं.

“अण्णा, सोडून बघितलंय काय?”

“बघितलंय. सात वर्षं.” त्यांनी एक पेला माझ्यापुढे सरकवला. “नाही सुटत. सरी, कॉफी घ्या. निवतेय.”