चौगुले साहेबांचा पावसाळी दौरा

चौगुले साहेब भर वर्गात छत्री उघडून बसायचे. शाळेच्या वर्गात, पोरांच्या ओळीत, मांडी घालून.

ते शिक्षक नव्हते, तपासणीला आलेले अधिकारीही नव्हते. ते निवृत्त इंजिनिअर होते आणि कोल्हापुरात आमच्या मंगळवार पेठेत माझ्या शेजारच्या घरात एकटे राहायचे. मी तिथं राहायला गेलो तेव्हा दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. पावसानं जोर धरलेल्या एका सकाळी सातलाच त्यांनी माझं दार बडवलं.

"पडतोय! चला!"

मला वाटलं, त्यांच्या घराचं काहीतरी पडतंय. मी बनियनवरच धावलो. "काय पडतंय?"

"पाऊस पडतोय की! शाळा बघाय जायाचं."

मी कॉलेजच्या लायब्ररीत क्लार्क. शाळेचा, पावसाचा आणि माझा काय संबंध, हे विचारायच्या आत आम्ही गारगोटीच्या एसटीत होतो.

गारगोटीजवळच्या त्या शाळेत हेडमास्तर हबकले. एक पोरगा नारळाला पिटाळला, दुसरा चहाला. तेवढ्यात साहेब वर्गात शिरले, दुसरीच्या पोरांत बसले, छत्री उघडली आणि छताकडं बघत राहिले. हेडमास्तरांनी मला बाजूला घेतलं.

"साहेब कुठल्या खात्याचे?"

"शेजारी आहेत."

"कुणाचे?"

"माझे."

"आणि आपण?"

"मी त्यांचा."

शेवटी हेडमास्तरांनी शेरेबुक पुढं केलं. साहेबांनी लिहिलं, 'मागच्या कोपऱ्यात गळते. चूक माझी.' खाली ठसठशीत सही. हेडमास्तरांनी ते तीनदा वाचलं आणि नारळ माझ्या हातात दिला.

परतीच्या एसटीत उलगडा झाला, म्हणजे निम्मा झाला. नोकरीत असताना साहेबांनी कोल्हापुरात टेबलाशी बसून शाळेचा एक नकाशा काढला होता. दोन खोल्या, वर सपाट स्लॅब. तोच नकाशा मग गावोगाव गेला.

"हुपरीत चालंल ते चंदगडात चालंल, असं धरलं," साहेब म्हणाले. "कागदावर पाऊस सगळीकडं सारखाच पडतोय वो."

"पण आता जाऊन काय करायचं?"

"बघाय नको?" म्हणत त्यांनी ओली छत्री गुंडाळायला घेतली. मला काही कळलं नाही. तरी पुढचा पाऊस आला आणि मी पुन्हा रजेचा अर्ज दिला.

चंदगडच्या पुढं एका वाडीतली शाळा नुकतीच नवी केलेली होती. बोलक्या भिंती म्हणतात तशा, खालपासून वरपर्यंत पाढे, नकाशे, फुलपाखरं. कॉम्प्युटरही आला होता, पण तो खताच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून ठेवलेला. पोरं एका भिंतीला चिकटून दाटीवाटीनं बसलेली. साहेब मोकळ्या जागेत बसायला गेले तर एक पोरगी ओरडली, "आजोबा, तितं बसू नका! तितं पाऊस बसतोय!"

साहेब उभेच राहिले. मग म्हणाले, "भिंती बोलक्या केल्यासा, बरं केलं. पण बोलाय लागल्या तर पैलं काय सांगतील? भिजलो म्हणतील."

तिथले तरुण गुरव सर दुखावले. "साहेब, सुट्टीत आम्ही स्वतः रंगवल्यात."

"रंग झकास हाय, सर." साहेबांचा आवाज एकदम उतरला. "डोक्यावरचं माझं हाय. ते चुकलंय."

तिथंच त्यांनी पाठकोऱ्या कागदावर नवा नकाशा काढला. स्लॅबवर उतरतं कौलारू छप्पर, लांब वळचण, पुढं रुंद व्हरांडा. तो घेऊन आम्ही कोल्हापूरच्या कचेरीत गेलो. तिथला पोरसवदा इंजिनिअर म्हणाला, "मूळ प्लॅन बदलता येत नाही."

"त्यो प्लॅन मीच काढलाय!"

"म्हणूनच की, साहेब. तुमची सही आहे. तुमच्या सहीवर आम्ही कसं जाणार?"

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. यावर रागवायचं की खूश व्हायचं, ते त्यांना ठरवता येईना. मग ते रोज कचेरीत जाऊन बाकावर बसू लागले. त्यांना पाणी द्यायचं की उत्तर, हे कचेरीला कळेना. अखेर 'प्रायोगिक तत्त्वावर' परवानगी मिळाली आणि उन्हाळ्यात छप्पर चढलं.

पुढच्या पावसात आम्ही पुन्हा वाडीत गेलो. बाहेर धो धो चालू होता आणि आत सगळी खोली पोरांनी वापरात घेतली होती. कुणी गोल करून बसलेले, कुणी पालथे पडून चित्र काढत होते, चारजण कॉम्प्युटरला लटकलेले. गुरव सर छप्पर दाखवत होते. साहेबांचं तिकडं लक्षच नव्हतं. ते खिचडी शिजवणाऱ्या म्हाताऱ्या मावशीकडं गेले.

"मावशी, चौगुले बाई कुठं बसायच्या?"

मी चक्रावलो. कोण चौगुले बाई?

"त्या व्हय? त्या तितं, कोपऱ्यात. समद्यात जास्त गळायचं तितं. पोरांस्नी कोरड्यात बसवायच्या आन् आपली खुर्ची तितं टाकायच्या. पदर निस्ता चिंब. तुमी वळखता व्हय बाईस्नी?"

"थोडंफार," साहेब म्हणाले.

आम्ही व्हरांड्यात येऊन बसलो. काकूंना मी फक्त साहेबांच्या भिंतीवर, हार घातलेल्या फोटोत पाहिलं होतं. त्या शिक्षिका होत्या हेही मला ठाऊक नव्हतं.

"नऊ वर्सं होती हितं," साहेब म्हणाले. "मी तिकडं कोल्हापुरात. गळतंय म्हणून कधी बोलली न्हाय."

"पण तुम्ही येत होता ना इथं?"

"यायचो की. दर रविवारी, चंदगडला तिच्या खोलीवर." ते छत्री झटकू लागले. "रविवारी शाळा बंद असती."

मावशी खिचडीच्या दोन ताटल्या घेऊन आली.

"बाई भेटल्या तर सांगा, पावणं," ती म्हणाली. "आता गळत न्हाय म्हणावं."

"सांगतो की," म्हणत साहेबांनी ताटली हातात घेतली.