चोविसावं पुस्तक

आमचे शेजारी गणपतभावजी पुस्तक वाचायला बसण्याआधी दोनदा घंटा वाजवायचे. टण टण. वाचन थांबवताना एकदा. पडवीच्या वाशाला त्यांनी मोडीत निघालेल्या गाडीची घंटा दोरी लावून टांगली होती. टण टण वाजलं की माझी सून चुलीकडून म्हणायची, "सुटले भावजी!"

तीस वर्षं ते मालवण-कुडाळ गाडीवर कंडक्टर होते. निवृत्त झाले, पण गाडीतून उतरले नाहीत. त्यांच्या आणि आमच्या अंगणात फक्त चिऱ्यांचा गडगा, छातीएवढा. त्यामुळे ते कुठल्या पुस्तकात कुठवर पोचले हे मला रोज कळायचं. पानांचा आकडा सांगायचे नाहीत, त्या वाटेवरचे थांबे सांगायचे. मी विचारायची, "चौके इला काय?" ते म्हणायचे, "चौके केवाच गेला. धामापुरात आसंय. तळ्याकडे जरा वारो खातंय." नेरूर आलं की पुस्तक संपत आलं असं समजायचं.

एखादं पुस्तक रेंगाळलं की चिडायचे. "ह्यो लेखक परत्येक थांब्यार गाडी उभी करता, वयनी. कोण चढणा नाय, कोण उतरणा नाय!" पुस्तकातली माणसं प्रेमाचं बोलायला लागली की भर पडवीत ओरडायचे, "पुढे सरका, पुढे सरका!"

मी चौथी पास. पुडीचा कागद फेकण्याआधी वाचते, पोथी बोट लावून वाचते, तेवढं मला पुरतं. पण वाचन हा माणसाला लागलेला रोग असेल तर बरा रोग आहे हे मी मान्य करते. ऐंशी सालानंतरचे ते दिवस. वाडीत एकाच घरी टीव्ही होता आणि त्यात माणसांपेक्षा मुंग्याच जास्त दिसायच्या. भावजींची बायको जाऊन सहा वर्षं झालेली. मुलगा रमाकांत मालवाहू बोटीवर खलाशी. घरात दुसरं माणूस नाही. मग माणसाने करावं काय?

त्यांचा एक नियम होता. पुस्तकात चढलं की मध्येच उतरायचं नाही. एकदा बाजारातल्या वाचनालयातून चुकून ऊस लागवडीचं पुस्तक आलं. आमच्याकडे माड, आंबे, फार तर भात. ऊस आम्ही तुळशीच्या लग्नाला बघतो. भावजींनी ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं आणि महिनाभर जो भेटेल त्याला बेणं कसं निवडावं ते सांगत फिरले.

दुसरं खूळ आकड्याचं. पाडव्याला गुढी उभारली की वहीत लिहायचे, यंदा इतकी पुस्तकं. आधी बारा, मग अठरा, मग चोवीस. मी म्हटलं, "आंबे मोजतत, माड मोजतत. पुस्तकां कित्याक मोजूक होयी?"

"आकडो नसलो तर माणूस आज वाचीन, उद्या वाचीन करता. वेळापत्रक नसलेली गाडी खंय पोचात?"

"आणि वाचलेला आठवता तरी काय?"

"खरां सांगू? वरसाच्या शेवटाक चोविसातली तीन आठवतत."

"मग एकवीस कित्याक वाचल्यात?"

"ती तीन खंयची, तां आधी कळता काय?"



त्या वर्षी शिमगा झाला तेव्हा तेवीस झाली होती. पाडव्याला पंधरा दिवस. चोविसावं म्हणून वाचनालयाने एक जाडजूड कादंबरी दिली. तिचं नाव मी सांगत नाही, उगाच कोणीतरी वाचायला जाईल. पहिल्या दिवशी भावजी हसत गडग्याशी आले.

"वयनी, आयका. एक बंदर आसा. थंय सूर्य एकदा बुडालो तो परत उगवाकच नाय. मासे रस्त्यार चलतत आणि माणसां जाळ्यात लटाकतत. थंयच्या राणयेक पापणे नाय. ती माणसांचे सावले कापून घेता, मीठ लावता आणि वाळत घालता."

"बांगडे वाळवतत तसे?"

"तसेच."

"आणि वास येणा नाय?"

"तां लिवलेला नाय."

दुसऱ्या दिवशी सांगितलं की एक खलाशी त्या बंदरात उतरतो, राणी त्याची सावली घेते आणि सावलीशिवाय बोट त्याला परत घेत नाही. त्याचा म्हातारा बाप पलीकडच्या किनाऱ्यावर रोज कंदील धरून उभा असतो. या वेळी भावजी हसले नाहीत. तिसऱ्या दिवशी काहीच सांगितलं नाही. चौथ्या दिवशी घंटाच वाजली नाही.

मी गडग्यावरून वाकून बघितलं. पुस्तक पडवीच्या कोपऱ्यात, आणि त्याच्यावर नारळ खवायची आडाळी ठेवलेली. लोखंड असलं की बाधत नाही म्हणतात.

"भावजी, ह्या काय?"

"उतरलंय," ते म्हणाले.

ज्या माणसाने ऊस लागवड शेवटपर्यंत वाचली तो म्हणतो उतरलो! मला हसू येणार होतं, तेवढ्यात लक्षात आलं. रमाकांतचं पत्र दर महिन्याला यायचं, कुठल्या ना कुठल्या बंदरातून. दिवाळीपासून आलेलं नव्हतं. पोस्टमन त्यांच्या घरावरून जाताना सायकल जोरात मारायचा. भावजी बोलले नव्हते, मी विचारलं नव्हतं. असल्या गोष्टी बोलल्या की खऱ्या होतात, अशी आमच्याकडची समजूत.

"वयनी," भावजी म्हणाले, "तुमी शेवट वाचा. तो खलाशी परत येता काय, तेवढाच माका सांगा. तुमका खोटां बोलूक येणा नाय, म्हणान तुमकाच सांगतंय."

ते खरं आहे. माझ्या तोंडाला वाडी भिते. एका बाईने आपली नवी सून कशी वाटते विचारलं, तर मी म्हटलं, तुझ्यापेक्षा बरी. तिने वर्षभर माझ्याशी अबोला धरला. बरंच झालं.

मी पुस्तक घरी आणलं. शेवटची चार पानं वाचायला मला अख्खी दुपार लागली. खलाशी परत आला नाही. बाप कंदील घेऊन पाण्यात चालत गेला, कंदील विझला, आणि राणीने दोघांच्या सावल्या एका दोरीवर शेजारी शेजारी वाळत घातल्या. संपलं. लेखकाच्या तोंडात शिरा पडो! माणसं पुस्तक विकत घेतात ती यासाठी?

गडग्याशी गेले. भावजी उभेच होते.

"काय झाला?"

"इलो," मी म्हटलं.

"इलो? कसो?"

आता आली का पंचाईत. "कसो म्हणजे? चलत इलो."

"आणि सावली?"

"ती पण इली. जरा मागसून."

"आणि बापूस?"

"बापसान आधी पेज वाढली. मगे झोडपलो, पत्र कित्याक धाडूक नाय म्हणान."

बोलून गेले आणि जीभ चावली. त्या काळ्या बंदरात कुठलं पोस्ट? भावजी माझ्याकडे बघत राहिले.

"पुस्तकात पत्रां आसत?"

"शेवटाक आसत," मी म्हटलं, पुस्तक त्यांच्या हातात कोंबलं आणि कोंबड्या हाकलायला म्हणून आत निघून गेले. कोंबड्या आत नव्हत्या.

पाडव्याला चार दिवस राहिले होते तेव्हा पोस्टमन सायकल रस्त्यातच आडवी टाकून ओरडत आला. "गणपतनूऽ! इला! पत्र इला!" भावजींनी पाकीट फोडलं. कागद उलटा धरला, मग सुलटा धरला, मग चष्मा काढून पुसला. वर्षाला चोवीस पुस्तकं वाचणारा माणूस, पण त्याला ते दीड पान वाचता येईना. गडग्यावरून कागद माझ्याकडे दिला. "वयनी, तुमी वाचा."

मी बोट लावून वाचलं. बोटीचं इंजिन बिघडलं म्हणून कुठल्यातरी परक्या बंदरात महिनोन्महिने अडकून पडलो. त्यात ताप आला, दवाखान्यात होतो. आता बरा आहे. मे महिन्यात येतो. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत जसं होतं तसं वाचलं. पदरचं काही घालावं लागलं नाही. मी तिथेच चिऱ्यावर बसले. सून धावत आली, तिला वाटलं मला चक्कर आली.

पाडव्याच्या दिवशी सकाळी भावजी गडग्याला वळसा घालून आमच्या अंगणात आले. अंगावर नवा सदरा.

"चोवीस झाली," म्हणाले. "तां पुस्तक पण काल संपला."

माझी चोरी पकडली गेली होती. मग म्हटलं, "शेवट वाचल्यात तर."

"शेवट माका आधीच म्हायत होतो. आडाळी ठेवलंय ना, त्या दिवशीच वाचलेलंय."

मला राग आला. "मग माका अख्खी दुपार कित्याक वाचूक लावल्यात? डोळे गेले माझे!"

भावजी खाली बघत अंगणातली रांगोळीची रेघ चपलेने चुकवत उभे राहिले. "तुमी खरां सांगितल्यात असतात, तर पुस्तक बांयच्या पाण्यात टाकणार होतंय," ते म्हणाले. आणि पुढे म्हणाले, "रमाकांताची आई असती तर रोज म्हणाली असती, येतलो, येतलो. तिका तरी काय म्हायत असता? पण म्हणाली असती. पाच म्हयने त्या घरात माझ्याशी खोटां बोलूक पण कोण नव्हता, वयनी."

मी सुनेला हाक मारून एक पान जास्त मांडायला सांगितलं. भावजी नको नको म्हणाले आणि बसले. भात दोनदा घेतला.

आमटी तिखट झाली म्हणाले. झालीच होती.