पंधराव्या माणसाचा अंगठा

साहेब, गुंदच्या आमच्या वाडीचा ओढ्यावर व्हायचा साकव तुम्ही गिळलात, आणि तोही एक स्वल्पविराम तोंडी लावून!

चूक माझीच, कबूल. वाडीतल्या चौदा घरधन्यांची नावं साकवाच्या अर्जात एका ओळीत हवी होती, मधे स्वल्पविराम देऊन. हातानं पाच मिनिटांचं काम. पण मी पुस्तक वाचून, आपला आपण प्रोग्राम लिहायला शिकलेला माणूस! हातानं कशाला लिहितोय? रामनगरच्या टायपिंग क्लासात नव्यानं आलेल्या कॉम्प्युटरला हुकूम सोडला: नाव घे, स्वल्पविराम चिकटव, पुढचं नाव घे. शहाण्यानं चौदाव्या नावालाही शेपूट लावलं! मी न बघताच ऐटीत अर्ज दिला.

पंधरवड्यानं तुमचे कारकून विचारतात, "शेवटच्या स्वल्पविरामापुढचा माणूस कुठाय?"

"कुणी न्हाई हो. प्रोग्राम चुकला माझा."

"कॉम्प्युटर चुकतोय व्हय? नाव लपवताय तुम्ही!"

"नवा अर्ज देतो की."

"हा आवक वहीत चढलाय. आता फक्त नाव भरायचं."

वाडीत बैठक बसली. उमाजी माझ्यावर धावूनच आला. त्याची सून तुळजा पोटुशी, आणि दवाखाना ओढ्यापल्याड!

"म्हशीचं नाव घाल जा तुझ्या त्या पेटीत!"

म्हाताऱ्या पारूआजीनं मिटवलं. "भांडताय कशाला रे? जेवणावळीत एक पान राखणदार देवाला काढतोय न्हवं? ती रिकामी जागा त्याचीच!"

सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले आणि लिहून दिलं: राखणदार, मुक्काम गुंद.

आठवड्यात तुमचं पत्र! 'श्री. राखणदार यांनी दोन फोटो घेऊन अंगठ्यासाठी समक्ष हजर राहावे.'

साहेब, आमचा राखणदार म्हणजे ऐनाच्या झाडाखालचा धोंडा. तरी दांडेलीहून फोटोवाला आणला. तुमचा शेरा: 'चेहरा स्पष्ट नाही.' अंगठ्याचं तर बोलायलाच नको!

काल ओढा भरला. तुळजाला घोंगड्याच्या झोळीत घालून आम्ही आठ जणांनी छातीभर पाण्यातून नेलं. पल्याडच्या काठावर, चिखलातच ती बाळंत झाली. पोरगी. दोघी जगल्या, त्यात तुमचा काडीचा हात न्हाई.

पोरीचं नाव अजून ठेवलेलं नाही. उमाजी म्हणतोय, राखणदारच ठेवू. तिला अंगठा आहे, चेहराही स्पष्ट आहे. आता तरी साकव बांधता की न्हाई? लेखी उत्तर पाहिजे!