मन्मथअप्पा आणि परिषदेचा रकाना

कार्यक्रमाची नोंद आली की मन्मथअप्पा आधी आयोजकाला फोन लावतात.

"कार्यशाळा म्हणताव. मग लोकं हातानं काय करणार, त्याचा खुलासा करा."

समोरचा गडबडतो. तज्ज्ञ मार्गदर्शन करतील, म्हणतो.

"म्हंजे लोकं नुसते ऐकणार. मग हे व्याख्यान हाय."

फोन बंद. नोंद व्याख्यानांत.

मराठवाड्यातल्या संशोधकांसाठी आम्ही चार प्राध्यापकांनी एक वेबसाइट सुरू केली. कुठे काय चाललंय ते सगळ्यांना एका जागी कळावं, एवढाच हेतू. आलेले कार्यक्रम तपासून योग्य रकान्यात टाकायचं काम मात्र कुणालाच नको होतं. मी लातूरला इतिहास शिकवते. आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेले मन्मथअप्पा मला आठवले. मूळचे मुरुडचे. कपाळावर विभूती, खिशात दोन चष्मे, आणि उभा जन्म पुस्तकं विषयवार लावण्यात गेलेला. मी विचारताच "हाव" म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला स्वतःची उशी घेऊन कॉम्प्युटरसमोर हजर.

व्याख्यान, कार्यशाळा, चर्चासत्र, परिषद आणि इतर असे पाच रकाने होते. 'इतर' अप्पांनी पहिल्याच आठवड्यात काढून टाकला. "इतर म्हंजे आपल्याला इचार करायचा कटाळा आलाय. दुसरं काय न्हाई."

एकदा नांदेडकडच्या एका प्राचार्यांनी राष्ट्रीय परिषदेची नोंद पाठवली. वक्ते सहा, सहाही त्यांच्याच कॉलेजचे. अप्पांनी ती चर्चासत्रांत नेऊन ठेवली. प्राचार्यांचा मला फोन, "मॅडम, हे गृहस्थ मला विचारतात, तुमचं राष्ट्र कुठपर्यंत जातं!" मी अप्पांची मनधरणी केली. ते हलले नाहीत. शेवटी प्राचार्यांनी बिदरहून एक वक्ता मिळवला. अप्पा एकदम खूश. "कर्नाटक आलं. आता माझी काय तकरार न्हाई." आणि परिषद मानानं परिषदांत जाऊन बसली.

अशा माणसापुढे हिमायतनगरची ती नोंद आली. सुनंदा नावाच्या एका अंगणवाडी सेविकेनं ती पाठवली होती. 'आमच्या शिवारातल्या शेतांची जुनी नावं. निबंध वाचन. रविवारी अकरा वाजता, सार्वजनिक वाचनालय.' ना संस्था, ना पाहुणे, ना अध्यक्ष.

मी म्हटलं, "अप्पा, हे आपल्या नियमात बसत नाही. काढून टाका."

त्यांनी फोन लावला. "बाई, ऐकायला कोण येणार?"

स्पीकरवर मागून अंगणवाडीतल्या पोरांचा गलका. ती म्हणाली, "ते न्हाई सांगता येत, सर. दोन वर्सं लिहून राहिले. एकदा मोठ्यानं वाचावं वाटलं."

अप्पांनी खुलासा मागितला नाही. नावं कुठून आणली, एवढं विचारलं. गावातल्या बत्तीस म्हाताऱ्याकोताऱ्यांकडून, ती म्हणाली. फोन ठेवून अप्पांनी चष्मा बदलला आणि नोंद टाकली. मी वाकून पाहिलं. परिषद!

"अप्पा, एकटी बाई बोलणार. परिषद कशी?"

"एकटी कुठं? बत्तीस जण बोलणार की तिच्या तोंडून. अन् रविवारी आपल्याला जायचंय. तुमचं बी तिकीट काढून राहिलो."

शनिवारी आम्ही नांदेडला मुक्काम केला आणि सकाळच्या गाडीनं हिमायतनगर गाठलं. वाचनालयात वीस खुर्च्या मांडलेल्या, बसलेले पाच जण. त्यांतली एक सुनंदाची सासू आणि दोघं पेपर वाचायला आलेले. सुनंदा वाचायला उभी राहिली. पहिलं पान तिनं इतक्या हळू वाचलं की मलाच घाम फुटला.

अप्पांनी हात वर केला. "बाई, ते चोपणाचं रान म्हणालाव. आता तिथं काय पिकतं?"

तिनं मान वर केली. "हळद, सर."

"चोपणात हळद? असल्या खारवट, चिकट मातीत कशी काय?"

मग ती कागद सोडून बोलायला लागली. कुणी गाळ टाकला, कुणी चर खणले, नाव मात्र तेच राहिलं. पेपर वाचणाऱ्या एका आजोबांनी तो खाली ठेवला. "त्याच्या वरल्या अंगाला घोडेवाडगं हाय. ते घेतलं का तू?" तिनं ते घेतलं नव्हतं. आजोबा दारात गेले आणि रस्त्यावरून आणखी दोन म्हाताऱ्यांना हाक मारून घेऊन आले. साडेबारापर्यंत खुर्च्या भरल्या. सुनंदाची सासू शेजारणीला सांगत होती, "आमची सून हाय."

परतीच्या गाडीला वेळ होता. स्टेशनच्या बाकावर मी विचारलं, "अप्पा, तुम्ही असे सगळ्याच कार्यक्रमांना जाता?"

"न्हाई. जिथं कुणी येणार न्हाई असं वाटतं तिथंच."

मग ते रुळांकडे बघत बोलले.

"आमच्या मंडळीनं एकदा मुरुडला महिला मंडळात निबंध वाचला होता. या म्हणाली मला. ग्रंथालयाची तपासणी हाय, म्हणालो. तपासणी दुसऱ्या दिवशी होती."

"कशावर होता निबंध?"

"तेच तर इचारलं न्हाई. ती गेल्यावर समदं घर धुंडाळलं. कागद घावला न्हाई."

तेवढ्यात सुनंदा धापा टाकत फलाटावर आली. निबंधाची झेरॉक्स तिनं अप्पांच्या हातात दिली. शेजारच्या गावच्या बायांनी आमच्याकडे पण वाच म्हणून बोलावलंय, म्हणाली.

"तारीख कळवा," अप्पा म्हणाले. "मी येतो."

गाडीत खिडकीशी बसून त्यांनी पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. ओठ हलत होते. मधूनच कागदाच्या कडेला पेन्सिलनं प्रश्नचिन्ह काढत होते. भोकर आलं तेव्हा चहा घेता का, म्हणून मी विचारलं. त्यांनी नुसता हात वर केला. अजून चार पानं राहिली होती.