तलवार देऊन दोन कुत्री

'ज्याच्या नजरेतून पाण्याचा थेंब सुटला नाही, त्याच्या नजरेतून गुन्हेगार काय सुटणार?' हे वाक्य रमाकांतांनी स्वतः रचलं होतं, स्वतःच पाटीवर रंगवलं होतं आणि बारामतीत भिगवण रस्त्याच्या आतल्या गल्लीतून जो कोणी जाईल त्याला ते स्वतःच वाचून दाखवत. वाक्याच्या वर 'रहस्यभेदक रमाकांत' अशी ठळक अक्षरं होती आणि खाली 'निवृत्त कालवा निरीक्षक. एकतीस वर्षं सेवा, एकही रजा वाया न घालवता' अशी माहिती. आपली बुद्धी डोक्यात मावेनाशी झाल्यामुळं कपाळ मागं सरकत चाललंय, असं त्यांचं ठाम मत होतं. त्यांच्या पत्नीचं, सुधाताईंचं, म्हणणं होतं की केस गळतायत.

सोसायटीच्या टाकीतलं पाणी कोण चोरतंय याचा छडा त्यांनी तीन आठवडे पहारा देऊन लावला होता. टाकी गळत होती. प्लंबरनं हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पण प्लंबरकडं पाटी नव्हती.

या रहस्यभेदकाला एक सहायक होती, ती म्हणजे त्यांची सून आसावरी. तिची नेमणूक सासूबाईंनी केली होती. "हे कुणावर तरी आळ घेणार आणि मार खाऊन येणार. तू बरोबर असलीस तर लोक जरा दमानं घेतील." त्यामुळं आसावरी आठवडाभर घरून पुण्याच्या कंपनीचं काम करायची आणि शनिवारी स्कूटर चालवून सासऱ्यांच्या वतीनं माफी मागायची.

अशाच एका शनिवारी सकाळी कळंबचा विशाल दारात येऊन उभा राहिला. वय सत्तावीस, गावातल्या दूध संकलन केंद्रावर कामाला, चेहरा उतरलेला.

"साहेब," तो म्हणाला, "माझा माणूस रोज कोनतरी पळवून नेतंय."

रमाकांतांनी वहीत 'अपहरण' असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या. "वय?"

"तसं वय न्हाय त्याला. गेममधला माणूस हाय."

रमाकांतांनी रेघा काही खोडल्या नाहीत. आसावरीनं विशालला पाणी दिलं आणि नीट बसून सांगायला सांगितलं.

गेमचं नाव 'सातशिखर'. विशाल नऊ वर्षांचा आणि त्याचा दादा राम चौदाचा असताना दोघं तो बाजारातून आणलेल्या स्वस्तातल्या टीव्ही गेमवर खेळायचे. एक वीर गावोगाव हिंडतो, शस्त्रं मिळवतो आणि शेवटी दगडी दारामागच्या राक्षसाशी लढतो. विशालचा 'वि' आणि रामचं अख्खं नाव जोडून दोघा भावांनी वीराचं नाव ठेवलं होतं विराम. त्या कॅसेटमध्ये खेळ जपून ठेवायची सोय नव्हती. लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून. भाऊ एकदाच दारापर्यंत पोचले, तेवढ्यात लाइट गेली. पुढं राम फौजेत भरती झाला आणि राक्षस तसाच राहिला.

आता कंपनीनं तोच गेम नव्यानं काढला होता. जुन्यात सगळं जग बारा पडद्यांत मावायचं. नव्यात ते एवढं अफाट होतं की घोड्यावरून या टोकाचं त्या टोकाला जायला घड्याळात दीड तास लागायचा. नद्या होत्या, रानं होती, गावकरी होते आणि त्यांच्या शेतातली पिकं दिवसागणिक वाढायची.

"दादा आज संध्याकाळच्या गाडीनं येतोय, चौदा महिन्यांनी," विशाल म्हणाला. "फोनवर दुसरं काय इचारत न्हाय. दारापाशी पोचलास का? नव्वद तास खेळून मी पोचलोय, साहेब. रोज विरामला दारापाशी हुबा करतो आन् कामावर जातो. येऊन बघावं तर गडी पार नदीकाठच्या वावरात, भोवती मेंढरं! त्यात हा गेम एकच नोंद ठिवतो. नवं झालं की जुनं पुसतं. आन् परवा तर तलवार गेली."

"कसली तलवार?"

"अग्निखड्ग. चाळीस तास लागले मला ते मिळवाय. ते दिऊन कुणीतरी दोन कुत्री घेतलीत." विशालनं पाण्याचा पेला खाली ठेवला. "दादाला काय तोंड दाखवू?"

रमाकांत उठून उभे राहिले. "आसावरी, स्कूटर काढ. भिंग घे. मोजपट्टी पण घे."

पाऊण तासात ते कळंबला पोचले. उसाच्या रानाला लागून विशालचं तीन खोल्यांचं घर होतं. बाहेरच्या खोलीत मोठा टीव्ही, गेमचं मशीन आणि जमिनीवर सतरंजी. सतरंजीच्या कडेला विशालची आई साखरबाई तांदूळ निवडत बसली होती. तिनं पाहुण्यांना बसायला सांगितलं, चहा टाकला आणि पडद्याकडं बघून विचारलं, "मेंढरं ठीक हायती न्हवं?"

"आये, तू मधी बोलू नको," विशाल म्हणाला. "साहेब तपास करत्यात."

साहेबांनी सतरंजीपासून टीव्हीपर्यंतचं अंतर मोजलं. सात फूट दोन इंच. "गुन्हेगाराची दूरची नजर उत्तम आहे," असं त्यांनी जाहीर केलं. मग त्यांनी खेळायचा रिमोट भिंगाखाली धरला आणि ते थबकले. "पांढरी भुकटी!"

"बाबा, चाटू नका," आसावरी म्हणाली, पण तोवर त्यांनी चाटली होती.

"ज्वारीचं पीठ," ते डोळे मिटून म्हणाले. "इथं जवळ गिरणी कुणाची?"

गिरणी शेजारीच होती आणि सिद्धूची होती. सिद्धू म्हणजे विशालचा लहानपणापासूनचा दोस्त. या घराची जादा किल्ली त्याच्याकडं असे. त्याला बोलावून घेतलं. तो भुवयांपर्यंत पिठानं माखूनच आला. रमाकांतांनी त्याच्याकडं असं पाहिलं की पुढची चौकशी करायची गरजच उरली नाही.

"शिद्ध्या," विशालनं अडखळत विचारलं, "तू केलंस व्हय रं?"

सिद्धूचा चेहरा पिठातूनही लाल झालेला दिसला. "मी? आरं, अग्निखड्गासाठी तुझ्यासंगं मी रात रात जागलोय. ती तलवार मी कुत्र्यावर घालवीन? आन् घालवायचीच म्हनलं तर दोन कुत्र्यांवर? निदान गरूड तरी घेतला असता!"

या बचावाला तोड नव्हती. आसावरीनं सासऱ्यांच्या वतीनं माफी मागितली. विशालनंही कान पकडले. सिद्धूनं दोघांना माफ केलं आणि गिरणी बंद करून तोही तपास बघायला सतरंजीवर बसला.

रमाकांत डगमगले नाहीत. एवढी मेंढरं म्हणजे एवढी लोकर, एवढी लोकर म्हणजे परदेशी टोळी, असं त्यांनी सुरुवातीला मांडून पाहिलं. पण गेममध्ये लोकर कातरतच नाहीत असं सिद्धूनं सांगितल्यावर टोळी बरखास्त करावी लागली. मग त्यांनी विशालला गेल्या अकरा दिवसांत विराम कुठं कुठं सापडला ते नकाशावर दाखवायला सांगितलं. अकरा शेतं निघाली. सगळी नदीच्या एकाच अंगाला, ओळीनं, आणि एका शेतात दोनदा नाही.

रमाकांतांनी नकाशावर बोट टेकवलं. "खालच्या टोकापासून सुरुवात. मग त्याच्या वरचं शेत. मग त्याच्या वरचं. आसावरी, ओळखलंस?"

"नाही, बाबा."

"ही कालव्याच्या पाण्याची पाळी आहे! टेलपासून, म्हणजे कालव्याच्या शेवटापासून, वरपर्यंत! ज्याचं उभं आयुष्य पाटावर गेलंय असाच माणूस हे करू शकतो. मेंढरं हा देखावा आहे. गुन्हेगार कालव्यावरचा आहे!"

साखरबाई तांदूळ निवडायची थांबली.

"बाबा," आसावरी हळूच म्हणाली, "या खोलीत कालव्यावरचे तुम्ही एकटेच आहात."

रमाकांतांनी वहीचं नवं पान उघडलं. संशयातून कुणालाही सोडायचं नाही, स्वतःलाही नाही, हे त्यांचं तत्त्व होतं. "तलवार गेली त्या गुरुवारी दुपारी मी कुठं होतो?"

"झोपला होता."

"साक्षीदार?"

"तुमचं घोरणं तिसऱ्या घरापर्यंत जात होतं. तीन कुटुंबं साक्ष देतील."

ते सुटकेचा निःश्वास टाकून बसले आणि वहीत स्वतःचं नाव लिहून पुढं 'तूर्त निर्दोष' असं लिहिलं. विशालनं घड्याळाकडं पाहिलं. चार वाजले होते. दादाची गाडी साडेपाचला यायची होती आणि विराम अजून नदीकाठीच होता, बिनतलवारीचा.

आसावरीचं लक्ष मात्र दुसरीकडंच होतं. चहाचा कप घेताना साखरबाईच्या बांगड्यांना दुपारच्या भाकरीचं पीठ चिकटलेलं तिनं पाहिलं होतं. सासऱ्यांच्या सहवासात राहून तिला एक सवय लागली होती. जे कुणी विचारत नाही ते ती विचारायची.

"मावशी," ती म्हणाली, "हा गेम तुम्ही खेळता का?"

"व्हय," साखरबाई म्हणाली.

सिद्धूच्या हातातला कप कलंडला.

"आये! मग सांगितलं का न्हाईस?"

"तू इचारलं कुठं?" साखरबाईनं सूप बाजूला ठेवलं. "त्या दिवशी टीव्ही पुसताना रिमोटला हात लागला आन् गडी चालाय लागला. कडंच्या रानात मेंढरं मोकाट फिरत हुती. राखणीला कुनी न्हाय. लांडग्यानं माझ्यादेखत एक नेलं. मग म्या वळली. आता त्रेचाळीस झाल्यात. राखायला कुत्री नगं व्हय? एक धनगर भेटला, त्याला ती तलवार दिली. नुसती पाठीवर वागवायची, तिचा काय उपेग?"

"आणि ही शेतं?" रमाकांतांनी क्षीण आवाजात विचारलं.

"खताला बसवतीया, सायेब. पीक निघालं की त्या वावरात मेंढरं बसवायची, लेंड्यांचं खत हुतं. एक मुक्काम झाला की पुढचं वावर. खालच्या अंगाला पीक आधी निघालं, म्हनून खालनं सुरवात केली." मग ती विशालकडं वळली आणि तिचा आवाज चढला. "मला तर वाटलं, हाच पोरगा बिघडलाय. रोज म्या मेंढरं बसवावी आन् ह्यानं त्यास्नी रानात टाकून त्या दगडी दारापाशी जाऊन हुबं राहावं. तितं ना पानी ना पाला. म्याच कुनाला तरी इचारनार हुते, ह्याला काय लागिर झालंय का म्हनून."

रमाकांतांनी वही मिटली. "माझा अंदाज जवळजवळ बरोबर होता," ते म्हणाले. "पाण्याऐवजी खत." मग त्यांनी ते पुन्हा एकदा म्हटलं.

साडेपाचची गाडी सहाला आली. राम दारातून आत आला, आईच्या पाया पडला आणि बूट काढायच्या आतच त्यानं पडद्याकडं पाहिलं. विशालनं मान खाली घालून सगळी हकिकत सांगितली. रामचं मात्र ऐकण्याकडं लक्ष नव्हतं. तो पडद्यावरच्या घोड्याकडं बघत होता. घोड्याच्या दोन्ही अंगांना पिशव्या होत्या आणि पिशव्यांतून कोकरांची तोंडं बाहेर आली होती.

"इशाल," राम म्हणाला, "तुला असंच आनलं हुतं. म्हसवडाकडनं मेंढरं घिऊन माघारी येताना. एका पिशवीत दोन कोकरं आन् दुसऱ्या पिशवीत तू. आईचं सारखं म्हननं, कोकरांकडं ध्यान दे, पोरगं काय पडत न्हाय."

विशालला यातलं काहीच आठवत नव्हतं. वडील गेले तेव्हा तो तीन वर्षांचा होता. एकट्या बाईनं दोन पोरं घेऊन रानोमाळ कसं हिंडावं आणि पोरांनी शाळेत कधी जावं, म्हणून साखरबाईनं त्याच साली सगळी मेंढरं विकली होती. घरात त्यावर पुन्हा कधी बोलणं निघालं नव्हतं.

साखरबाईनं रिमोट उचलून विशालच्या हातात दिला. "जावा तुमी. तुमचं ठरलंय न्हवं? माझ्या मेंढरांचं काय, एकदा इकलीच हायती की म्या."

ती हे इतक्या सहज म्हणाली की आसावरीला एकदम भरून आलं. आपण इथं कोणाला मारापासून वाचवायला आलोय हेही ती विसरून गेली.

विशालनं विरामला दाराच्या वाटेला लावलं. पण मेंढरांना कुणी थांबा म्हटलं नव्हतं, आणि कुत्री कामाची निघाली. विरामच्या मागोमाग सगळा कळप निघाला. घोडा असूनही मेंढरांच्या चालीनंच जावं लागलं. ओढा आला की साखरबाई म्हणे, "थांब, पानी पिऊ दे," आणि विशाल थांबे. एक लंगडी मागं राहिली की राम म्हणे, "घे तिला घोड्यावर," आणि विशाल तिला घोड्यावर घेई. वाटेत जेवणं झाली. रमाकांतांनी पिठलं दोनदा मागून घेतलं. जायचं नाव कुणीच काढलं नाही.

अखेर दगडी दार आलं. काळ्याकभिन्न कड्याखाली विराम उभा राहिला आणि त्याच्याभोवती त्रेचाळीस मेंढरं दाटीवाटीनं उभी राहिली. पडद्यावर अक्षरं उमटली. रामनं ती मराठीत वाचून दाखवली. "आत गेल्यावर परतीची वाट नाही. हे जग इथंच संपेल. जायचं? हो किंवा नाही."

विशालचा अंगठा बटणावर होता. नव्वद तास या एका बटणासाठी गेले होते.

"आत चारा हाय का?" साखरबाईनं विचारलं.

"न्हाय, आये. आत राक्षस हाय."

"त्यानं काय केलंय तुमचं?"

राम विशालकडं वळला. "काय केलंय रं त्यानं?"

विशालनं डोकं खाजवलं. "ठावं न्हाय," तो म्हणाला. "आत गेल्यावर सांगत्यात म्हनं."

सिद्धू खिदळला. रामही हसला. त्यानं सतरंजीवर सरकून आईला दोघांच्या मधे जागा करून दिली. साखरबाई येऊन बसली. विशालनं एकदा दाराकडं पाहिलं, एकदा आईकडं, आणि 'नाही'चं बटण दाबलं.

"आये," त्यानं विचारलं, "आज कुठल्या वावरात बसवायची?"

"त्या लाल टोपीवाल्या म्हाताऱ्याचा गहू निघालाय," साखरबाई म्हणाली. "तिकडं घे. आन् सावकाश चल, लंगडी दमलीया."