साळूमावशी आणि टेकडीवरची जुडी

एका जंगलात एक टेकडी होती. टेकडीवर वड होता आणि वडाखाली कचेरी होती. जंगल म्हटलं की तुम्हाला आधी सिंह हवा असतो, ठाऊक आहे मला. तोही होता. पण तो बहुतेक वेळ झोपलेला असायचा आणि कारभार कचेरीच पाहायची. तेव्हा आपणही त्याला झोपू देऊ.

सिंहमहाराज फार दयाळू होते. हे मी म्हणत नाही, वडाच्या खोडावर तशी पाटीच लावली होती. जंगलातल्या म्हाताऱ्या, पांगळ्या, आंधळ्या प्राण्यांना महाराजांनी दर आठवड्याला पाल्याची एक जुडी सुरू केली होती. जुडीत चार मुळंही असत. जुडी केळीच्या पानात बांधलेली असे आणि पानावर महाराजांचं चित्र असे. चित्र मोठं काढायचं म्हणून पान मोठं घ्यावं लागे. पान मोठं झालं की जुडी फार जड होई, म्हणून पाला कमी करत.

ही जुडी घ्यायला टेकडी चढून यावं लागे. स्वतः. ज्याला चालता येत नाही त्याला जुडी मिळेल, आणि ती त्याने चालत येऊन न्यावी, असा नियमच होता. हसू नका, मुलांनो. नियम करणारे तुमच्यापेक्षा पुष्कळ शिकलेले होते.

त्या जंगलात साळूमावशी नावाची एक म्हातारी साळिंदर राहायची. तिचे काटे गळून गेले होते. नखं झिजली होती, त्यामुळे जमिनीतली मुळं उकरणं तिला जमत नसे. जुडी मिळाली तर पोटात काही जाई, नाही मिळाली तर नाही. कितीदा तरी अर्ध्या चढावरच तिला दम लागे. ती वर पोचेपर्यंत कारकून बगळा कचेरी बंद करून एका पायावर उभा असे.

"मावशी, वेळ संपली. पुढच्या आठवड्यात या."

"आणि तोवर काय खाऊ रे, मुडद्या?"

"त्याचा अर्ज वेगळा," बगळा म्हणे आणि डोळे मिटे.

अशीच एकदा मावशी रिकाम्या हाताने खाली उतरली. ओढ्याकाठच्या जांभळाखाली हुप्पेबाबा बसले होते. हे म्हातारे वानर. एक हात मोडलेला, त्यामुळे झाड सुटलं होतं. शेजारी कासवतात्या होते. त्यांची पाठ तडकलेली. दोघेही उपाशीच होते.

"असे एकेकटे मरणार आहोत का आपण?" मावशी कडाडली. "उठा. चारजण मिळून काहीतरी करू."

अशा रीतीने लाभार्थी स्वावलंबन संघ निघाला. हे नाव तात्यांचं, कारण त्यांना लिहितावाचता येत होतं. पंधरा-वीस सभासद झाले. त्यात एक आंधळा ससाही होता.

संघाच्या सभेत एकच रीत होती. बोलायला उठलेल्याने आधी सांगायचं, काल काय खाल्लं. मग पुढचं. आणि ज्याचं पोट सगळ्यात रिकामं, त्याचं म्हणणं सगळ्यात आधी ऐकायचं. त्यामुळे भाषणं फार लहान होत आणि लोकशाही बरी चाले.

जुडीच्या दिवशी सगळे मिळून निघत. तात्या आदल्या दिवशीच निघत. हुप्पेबाबा धड हाताने सशाला धरत, मावशी हुप्पेबाबांची शेपटी धरी. कुणाला दम लागला की सगळेच थांबत. असे ते रांगेने वर पोचत, आणि वेळेत पोचत. पावसाळाभर एकही सभासद उपाशी राहिला नाही. साळूमावशीच्या पाठीवर तर दोन नवे काटेसुद्धा आले. ती येणाऱ्याजाणाऱ्याला पाठ वळवून ते दाखवी.

इथे थांबायला हवं होतं. पण पोट भरलं की प्राणी विचार करू लागतो. मावशी म्हणाली, "दर आठवड्याला आपणच का चढायचं? जुडी खाली येऊ दे. या जांभळाखाली."

तात्यांनी झकास अर्ज लिहिला. सगळ्यांनी पंजे उमटवले. अर्जाला वजन यावं म्हणून तात्यांनी संघाच्या सभांचा सगळा वृत्तान्तही जोडला. कोण कुणाला धरून चढतं, कसं वेळेत पोचतं, सगळं सविस्तर. मावशीच्या दोन काट्यांचाही उल्लेख होता. एवढीच त्यांची चूक झाली. आपलं काम नीट झालंय हे त्यांनी कचेरीला लेखी कळवलं.

चिटणीस कोल्हेसाहेबांनी तो वृत्तान्त दोनदा वाचला आणि खूश होऊन निरोप धाडला: महाराजांनी लोकसहभागाचं युग सुरू केलं आहे. यापुढे लाभार्थ्यांचे निर्णय लाभार्थीच घेतील. त्यासाठी त्यांनी टेकडीवर यावं.

हुप्पेबाबांना ताप होता, ते तेवढे राहिले. बाकी सगळे गेले. मावशीने ओढ्यात तोंड धुतलं आणि दोन्ही काटे नीट उभे केले.

वर तोरण होतं. कोल्हेसाहेब बोलायला उठले, तशी मावशीही उठली.

"साहेब, आमच्या सभेत आधी सांगतात, काल काय खाल्लं."

कोल्हेसाहेबांनी एकवार आंधळ्या सशाकडे पाहिलं. "ती माहिती गोपनीय आहे," ते म्हणाले. "आता मतदान. जुडी टेकडीवर द्यावी, की बंद करावी?"

"खाली द्यावी," मावशी म्हणाली.

"तो पर्याय सभेपुढे नाही, मावशी. सहभाग घ्यायचा तर दिलेल्यातच घ्यायचा."

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग टेकडीच्या बाजूने सगळे पंजे वर झाले. बगळ्याने लिहिलं: 'जुडी टेकडीवरच मिळावी, अशी लाभार्थ्यांची एकमुखी मागणी.' टाळ्या झाल्या. बगळ्यानेच वाजवल्या.

मग कोल्हेसाहेबांनी वृत्तान्त काढला. "काय हा संघ! एकमेकांना धरून चढता. वेळेत येता. आज तर वेळेआधी आलात. अहो, तुम्हाला जुडीची गरजच उरली नाही! अभिनंदन! हजर असलेल्या सर्वांची नावं आम्ही यादीतून कमी करत आहोत. आणि तुमचा संघ आदर्श संघ म्हणून जाहीर करत आहोत."

"अहो, पण आम्ही चढतो ते जुडीसाठीच ना!" मावशी ओरडली. "जुडी नाही मिळाली तर खायचं काय?"

"ते संघाने ठरवावं. तुमच्या कारभारात आम्ही ढवळाढवळ करणार नाही."

बगळ्याने गैरहजर हुप्पेबाबांच्या नावापुढे 'मयत' लिहिलं आणि सभा संपली.

पुढचे तीन आठवडे वाईट गेले. संघाची सभा रोज भरे. काल काय खाल्लं? काही नाही. काल काय खाल्लं? काही नाही. सगळ्यांची पोटं सारखीच रिकामी, तेव्हा आधी कुणाचं ऐकायचं हेच कळेना. मावशीचे दोन्ही काटे गळले. मग तिला उठवेना. जांभळाखाली ती कुशीवर पडून राही, आणि उत्तर द्यायची पाळी आली की नुसती मान हलवी. मला या ठिकाणी फार राग येतो, मुलांनो. तुम्हाला येत नसेल तर तुम्ही मोठेपणी नक्की चिटणीस व्हाल.

चौथ्या आठवड्यात ओढ्याकाठी ढोल वाजले. कोल्हेसाहेब आणि बगळा चक्क टेकडी उतरून आले होते. बगळ्याच्या चोचीत हुप्पेबाबांचं चित्र होतं. कोल्हेसाहेबांच्या डोक्यावर जुडी होती. आदर्श संघाचा सभासद गेला की शोकसभा घ्यायची आणि चित्रापुढे जुडी ठेवायची, असा नवा नियम निघाला होता. आणि शोकसभेच्या जुडीवर महाराजांचं चित्र काढणं अशुभ. म्हणून पान लहान होतं आणि पाला भरपूर.

हुप्पेबाबा पहिल्याच रांगेत बसले होते. ते हात वर करून म्हणाले, "साहेब, मी जिवंत आहे."

"मयत सभासदांनी मध्ये बोलू नये," बगळा म्हणाला. "सभेला काही शिस्त असते."

कोल्हेसाहेब गहिवरून बोलले. असा वानर पुन्हा होणे नाही, म्हणाले. ऐकून हुप्पेबाबांच्याही डोळ्यांत पाणी आलं. मग पाहुणे निघून गेले. जुडी राहिली.

सभासदांनी पहिलं मूळ मावशीला चावून मऊ करून भरवलं. दुसरंही तिलाच. दुसऱ्या दिवशी मावशी उठून बसली आणि लगेच सभा बोलावली.

"काल काय खाल्लं?" तात्यांनी विचारलं.

"हुप्पेबाबांचा शोक," मावशी म्हणाली. "मूर्खांनो, जुडी खाली आली! आपण मागितली होती तशी, या जांभळाखाली, आणि ते स्वतः घेऊन आले. अजून काय हवंय?"

सभासदांना समजायला थोडा वेळ लागला. मग ठराव झाला. कुठलाही पर्याय वरून आलेला नसताना संघाने घेतलेला तो पहिला निर्णय. आठवड्याला एकाने मरायचं. पाळीपाळीने. आधी कोण, यावर भांडण झालं, पण रीत ठरलेली होती. दोन मुळं खाऊनही पोट सगळ्यात रिकामं मावशीचंच.

तात्यांनी कचेरीला एका ओळीचं पत्र लिहिलं: 'साळूमावशी टेकडी चढू शकत नाहीत.' त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं. बगळ्याने वाचलं आणि तत्काळ 'मयत' लिहिलं.

पुढच्या आठवड्यात मावशी पहिल्या रांगेत बसून स्वतःबद्दलचं भाषण ऐकत होती. कोल्हेसाहेब म्हणाले, "साळूमावशी म्हणजे समाधानाची मूर्ती. हयातीत त्यांनी कधी काही मागितलं नाही."

मावशी ताडकन उठायला गेली. हुप्पेबाबांनी धड हाताने तिला खाली ओढलं.

"गप्प बसा, मावशी. तुम्ही वारलात."

मावशी बसली. समोर तिच्या चित्रापुढे जुडी होती. तिने मुळं मोजली. आठ होती.

तात्पर्य: मुलांनो, एकमेकांना धरून जरूर चालावं, पण कचेरीतून दिसणार नाही अशा बेतानं. आणि जिवंतपणी काही मागू नये. त्याने मायबाप सरकारला त्रास होतो. आधी मरावं, मग ते स्वतःच घेऊन येतात.